फ्लोराइड व्हार्निशची आम्लपरीक्षा

‘दाताला कीड नाही ना, मग काळजी कशाला?’ हा समज फार खोल रुजलेला आहे. कीड जिवाणूंमुळे लागते. ते साखरेचं आम्ल करतात आणि दात एका जागी पोखरला जातो. पण शीतपेयं, आंबट फळांचे रस किंवा वारंवार घशाशी येणारं पित्त यांतलं आम्ल थेट दातावर येतं, त्याला जिवाणूंची गरजच नसते. अशा वेळी दात सगळीकडून झिजतो आणि गुळगुळीत, चकचकीत दिसतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. एनॅमल म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण; ते घडवणाऱ्या पेशी दात उगवल्यानंतर उरत नाहीत, त्यामुळे गेलेलं एनॅमल शरीराला पुन्हा तयार करता येत नाही.

ही झीज रोखायला फ्लोराइड व्हार्निश पुरेल का? नेहमीच्या व्हार्निशमध्ये ५ टक्के सोडियम फ्लोराइड, म्हणजे २२,६०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड असतं. साध्या टूथपेस्टमध्ये ते साधारण १,००० ते १,५०० पीपीएम असतं. राळेत मिसळलेलं हे द्रव्य ब्रशने दातावर लावतात आणि ते लाळ लागताच घट्ट होतं. किडीविरुद्ध त्याचा उपयोग चांगला सिद्ध झालेला आहे. झिजेचं गणित मात्र वेगळं आहे.

सगळी गंमत कॅल्शियम फ्लोराइडमध्ये आहे. व्हार्निशमधलं फ्लोराइड लाळेतल्या आणि एनॅमलमधल्या कॅल्शियमशी जोडलं जातं आणि दातावर अतिसूक्ष्म गोळ्यांचा थर बसतो. लाळेतलं फॉस्फेट आणि प्रथिनं या गोळ्यांना चिकटतात, म्हणून त्या लगेच विरघळत नाहीत. तोंडातला सामू (पीएच) घसरला, म्हणजे आम्लता वाढली, की फॉस्फेटचं रूप बदलतं, गोळ्यांवरचं आवरण सुटतं आणि फ्लोराइड नेमकं आम्ल आलेलं असतानाच मोकळं होतं. ते एनॅमलमधल्या हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटच्या स्फटिकांवर बसून त्यांना जास्त चिवट बनवतं; अशा स्फटिकांना फ्लोरअ‍ॅपटाइट म्हणतात. हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट साधारण ५.५ सामूच्या खाली विरघळू लागतं, फ्लोरअ‍ॅपटाइट साधारण ४.५ पर्यंत टिकतं. किडीच्या आम्लाशी लढायला एवढं बळ बरंच कामी येतं. पण कोलाचा सामू २.५ च्या आसपास असतो. सामूचं प्रमाण लॉगॅरिदमिक असल्याने, म्हणजे एक अंक घसरला की आम्लता दहापट होत असल्याने, ५.५ च्या तुलनेत तिथे हायड्रोजन आयन हजारपट असतात. तिथे फ्लोरअ‍ॅपटाइटही विरघळतं. शिवाय सायट्रिक आम्ल सुटलेलं कॅल्शियम पकडून ठेवतं, ते दाताकडे परतू देत नाही. अशा माऱ्यात फ्लोराइडच्या गोळ्या एनॅमलच्या आधी स्वतः विरघळतात, म्हणजे थोडा वेळ मिळवून देतात.

हे तपासण्याची पद्धत मला फार आवडते. गायीबैलांच्या किंवा माणसांच्या काढलेल्या दातांचे छोटे तुकडे घासून अगदी सपाट करतात. प्रत्येक तुकड्याचा एक भाग टेप किंवा नेलपॉलिशने झाकतात. उरलेल्या भागाला व्हार्निश लावतात, मग तुकडा आम्लात काही मिनिटं आणि कृत्रिम लाळेत काही तास, असं चक्र दिवसेंदिवस चालतं. शेवटी झाकण काढलं की झाकलेला आणि उघडा भाग यांच्यामध्ये एक बारीकशी पायरी तयार झालेली असते. प्रोफाइलोमीटरची सुई त्या पायरीवरून फिरते आणि तिची खोली मायक्रोमीटरमध्ये सांगते.

पण राळेचा नुसता थरही आम्ल अडवतोच! म्हणून चांगल्या प्रयोगात फ्लोराइड नसलेलं व्हार्निश लावलेला गट हवाच. काही प्रयोगांत तर आम्लात बुडवण्याआधी थर अलगद खरवडून काढतात, म्हणजे उरलेला परिणाम फक्त रसायनाचा. ‘व्हार्निश लावलेले’ विरुद्ध ‘काहीच न लावलेले’ एवढीच तुलना दाखवून केलेल्या दाव्यांवर मी विश्वास ठेवत नाही, कारण तोंडात तो थर खाण्याने आणि ब्रशने लवकरच निघून जातो. लिंबू चोळून दात पांढरे करण्याचे व्हिडिओ तर याहून वाईट आहेत: ते एनॅमल थेट सायट्रिक आम्लाच्या स्वाधीन करतात, आणि ‘नैसर्गिक’ म्हटल्याने त्या आम्लाची धार जराही कमी होत नाही.

अशा चाचण्यांतूनच संशोधकांचं लक्ष कथिल आणि टायटॅनियम यांच्या फ्लोराइडांकडे वळलं. हे धातू एनॅमलवर आम्लात सहज न विरघळणारा थर बसवतात. प्रयोगशाळेत टायटॅनियम टेट्राफ्लोराइडची व्हार्निशं काही प्रयोगांत सोडियम फ्लोराइडपेक्षा सरस ठरली आहेत. पुढची पायरी म्हणजे एनॅमलचे तुकडे टाळूला बसणाऱ्या प्लेटमध्ये बसवून स्वयंसेवकांच्या तोंडात ठेवणं. तिथे खरी लाळ असते आणि दातावर तिच्या प्रथिनांचा पातळ पापुद्राही बसतो. तो स्वतःच थोडं आम्ल थोपवतो, त्यामुळे बीकरमध्ये मिळालेला फरक तोंडात बहुधा कमी भरतो.