फळ्या कापून नेण्याआधी: घरी लाकूडकाम करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

पुस्तकांची फळी, चपलांचा रॅक, लहान स्टूल, कुंड्यांचा स्टँड अशा कामांसाठी आम्ही लाकूड आणि प्लाय मापात कापून देतो, जोडणी तुम्ही घरी करता. कापलेली फळी पुन्हा लांब करता येत नाही, म्हणून मापं देण्याआधी हे पत्रक वाचा.

पहिल्यांदाच करत असाल तर फळीपासून सुरुवात करा, स्टूलपासून नको. स्टूलच्या चार पायांत कुठे काय चुकलं ते शोधणं अवघड जातं. फळीत चूक लगेच दिसते.

कोनाड्यात बसवायची असेल तर रुंदी मागे, मध्ये आणि पुढे अशी तीन ठिकाणी मोजा, कारण भिंती अगदी काटकोनात क्वचितच असतात. सर्वांत लहान मापातून २ मिमी वजा करून ते आम्हाला द्या. सगळी मापं मिलिमीटरमध्येच लिहा. इंच-सूत आणि मिलिमीटर एकाच कागदावर आले की हमखास घोळ होतो. करवतीचं पातंही प्रत्येक कापाला सुमारे ३ मिमी लाकूड खातं. त्यामुळे २४०० मिमीच्या फळीतून ६०० चे तीनच तुकडे पुरे निघतात, चौथा ९ मिमी आखूड राहतो.

फळी किती लांब ठेवायची हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तोच आम्हाला सगळ्यांत कमी विचारला जातो. दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं आणि फळी तशीच पुस्तकांनी भरली, तर मधला झोळ दुप्पट नाही, १६ पट होतो. म्हणून १८ मिमी प्लायवर पुस्तकं ठेवायची असतील तर आधारांमध्ये ७०० मिमीपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. जास्त हवंच असेल तर २५ मिमी जाडी घ्या. ती अडीच पटीहून जास्त ताठ असते. नाहीतर पुढच्या कडेला ४० मिमी उंचीची लाकडी पट्टी उभी चिकटवा. आम्हाला हा उपाय अधिक आवडतो: फळी जड होत नाही आणि प्लायची उघडी कड झाकली जाते.

अस्सल लाकूड घेतलंत तर ते घरी नेल्यावर आठवडाभर त्याच खोलीत ठेवा, फळ्यांच्या मध्ये हवा खेळेल असं. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, पण रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. फूटभर रुंद फळीत ऋतुमानाप्रमाणे २-३ मिमीचा फरक पडू शकतो. म्हणून टेबलाची वरची फळी खालच्या चौकटीला गोंदाने पक्की करू नका. स्क्रूसाठी लांबट भोकं ठेवा, नाहीतर ती तडकते. प्लायला हा त्रास फारसा नाही, कारण त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात.

स्क्रू थेट ठोकून किंवा पिळून घालू नका, आधी ड्रिल करा. वरच्या फळीतलं भोक स्क्रू सैल जाईल इतकं हवं, खालच्या फळीतलं मात्र आटे सोडून उरणाऱ्या दांड्याएवढं. तरच दोन फळ्या घट्ट खेचल्या जातात. फळीच्या कापलेल्या टोकाला नुसता गोंद धरत नाही. तिथे स्क्रू किंवा लाकडी खुंटी हवीच. चौकट जोडली की गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. मग क्लॅम्प लावा आणि २४ तास त्यावर वजन टाकू नका.

पॉलिश पेपर ८०, १२०, १८० या क्रमाने, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवा. आडवा फिरवलेला ओरखडा पॉलिश केल्यावरच दिसतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

जवसाचं तेल लावणार असाल तर ही सूचना कृपा करून पाळा. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते, आणि चिंध्यांचा बोळा असेल तर तो ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतो. चिंध्या घराबाहेर एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.