चालकाची खुर्ची आणि वाहकाचा जिना

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराचे प्रमाण वाढत होते आणि त्याचे नेमके कारण कोणालाच सांगता येत नव्हते. जेरी मॉरिस या साथरोगतज्ज्ञाने वेगवेगळ्या व्यवसायांतील माणसांची माहिती जमवायला घेतली, तेव्हा लंडनच्या दुमजली बसने त्याच्या हाती एक आयताच प्रयोग दिला. एकाच गाडीवर राबणाऱ्या दोघांपैकी चालक पाळीचा जवळजवळ 90 टक्के वेळ बसून असे, तर वाहक तिकिटे देत दिवसाकाठी 500 ते 750 पायऱ्या चढत असे.

सुमारे 31,000 कर्मचाऱ्यांचा हा अभ्यास 1953 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला आणि ज्यांना झाला त्यांनाही तो उशिरा व कमी जीवघेण्या रूपात झाला. टपाल खात्यातही पत्रे वाटणारे पोस्टमन बैठे काम करणाऱ्या सहकाऱ्यांपेक्षा सुरक्षित निघाले.

मुळात जाडजूड माणसेच चालकाची नोकरी पत्करत असतील तर, ही शंका रास्त होती. मॉरिसने तीही तपासली, आणि मला तर या साऱ्या संशोधनातला हाच भाग सर्वांत सुरेख वाटतो: त्याने गणवेशाच्या मापांच्या नोंदी मागवल्या. चालकांच्या विजारी कमरेत खरोखरच जास्त रुंद होत्या; मात्र सडपातळ असोत वा स्थूल, सारख्याच बांध्याच्या चालक-वाहकांची तुलना केली तरी वाहकांचे पारडे जडच राहिले.

यामागची शरीरक्रिया आता बरीच उलगडली आहे. स्नायू आकुंचन पावू लागले की ग्लुकोज आत घेणारी प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि त्यासाठी इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. म्हणूनच मधुमेहींना चालण्याचा इतका आग्रह केला जातो. वेगाने वाहणाऱ्या रक्तामुळे धमन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड स्रवते आणि धमन्या सैल होतात.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमांचा व्यायाम सुचवते. 2022 मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ या किमान पातळीच्याही खाली होते, आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त होते. दिवसभर ओट्याशी उभे राहून पाय दुखतात हे खरे, पण त्याने श्वास वाढतोच असे नाही; आणि संध्याकाळी फिरायला निघायचे तर मोकळा तास, उजेड असलेला रस्ता आणि चालण्याजोगा पदपथ लागतो, जो आपल्या बहुतेक शहरांत फेरीवाले व दुचाक्यांनी व्यापलेला असतो. निष्क्रियतेला नुसता आळस म्हणणे म्हणूनच अर्धवट निदान ठरते. एक सवलत मात्र पदरात पडली आहे: सलग 10 मिनिटे व्यायाम झाला तरच तो हिशेबात धरावा, ही अट संघटनेने 2020 मध्ये काढून टाकली, त्यामुळे लिफ्ट सोडून झपाझप चढलेले दोन मजलेही आता त्यात मोजले जातात.