सरकारी वाहनाने अपघात झाल्यास नुकसानभरपाई: अर्ज कोणी, कोणाविरुद्ध आणि केव्हा करावा

सरकारी जीपची किंवा ट्रकची धडक बसल्यावर अपघातग्रस्त माणूस आधी विमा कंपनीचे नाव शोधू लागतो, आणि या वाहनाचा विमाच काढलेला नाही, असे उत्तर त्याला अनेकदा मिळते. त्यात बेकायदेशीर काही नसते. केंद्र किंवा राज्य शासनाच्या मालकीचे वाहन व्यापारी उपक्रमाशी संबंध नसलेल्या कामासाठी वापरले जात असेल, तर मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 146(2) नुसार त्याला सक्तीच्या विम्यातून सूट आहे. मात्र ही सूट विम्यापुरतीच असून भरपाईची जबाबदारी वाहनमालक या नात्याने थेट शासनावर येते. चालक कर्तव्यावर होता, एवढ्यावरून शासनाची सुटका होत नाही. उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांसाठी ठेवलेली जीप दुरुस्तीहून परत आणली जात असताना एका पादचाऱ्याचा जीव गेला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्येच राजस्थान राज्याला जबाबदार धरले.

त्यामुळे खरे काम असते ते प्रतिवादी अचूक ठरवण्याचे. काचेवर ‘महाराष्ट्र शासन’ अशी पाटी असली, तरी वाहन शासनाच्याच मालकीचे असते असे नाही. अनेक कार्यालये खाजगी गाड्या भाड्याने घेतात. अशा गाडीला विमा बंधनकारक असल्याने तिचा मालक आणि विमा कंपनी या दोघांनाही प्रतिवादी करावे लागते. एसटी महामंडळ ही स्वतंत्र संस्था आहे, तर जिल्हा परिषद आणि महानगरपालिका या स्थानिक प्राधिकरणे आहेत. त्यांच्या वाहनांसाठी दावा त्या त्या संस्थेविरुद्ध होतो. वाहन राज्य शासनाचे असल्यास ‘महाराष्ट्र शासन’ आणि केंद्राचे असल्यास ‘भारत संघ’ हे प्रतिवादी असतात. त्यांच्यासोबत संबंधित विभागाचे नाव घालावे आणि चालकालाही सामील करावे. एमपरिवहन अ‍ॅपवर वाहन क्रमांक टाकून नोंदणी व विम्याचा तपशील पाहता येतो. अपघाताच्या दिवशी गाडी कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या ताब्यात होती, हे तिच्या लॉगबुकमध्ये लिहिलेले असते. त्या पानांची प्रत माहितीच्या अधिकारात लगेच मागावी.

अर्ज कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. जखमी व्यक्ती, मृताचे कायदेशीर वारस, नुकसान झालेल्या मालमत्तेचा मालक किंवा यांनी अधिकार दिलेला प्रतिनिधी अर्ज करू शकतो. अपघात जेथे घडला, अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो, अथवा प्रतिवादी जेथे राहतो, यांपैकी कोठलेही न्यायाधिकरण निवडता येते. 1 एप्रिल 2022 पासून अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने अशी आहे. पोलिसांचा सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाने अर्ज म्हणून विचारात घ्यावा, अशी तरतूद असली तरी तिच्या भरवशावर राहू नये. ‘प्रस्ताव वर पाठवला आहे’ हे कार्यालयाचे उत्तर ऐकत बसणे तर त्याहून वाईट, कारण विभागाशी चाललेल्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. शासनाविरुद्धच्या दिवाणी दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. न्यायाधिकरणापुढील अर्ज हा तसा दावा नसल्याने त्यासाठी सर्वसाधारणपणे ती लागत नाही.

अर्जासोबत प्रथम खबरी अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाच्या तपासणीचा अहवाल, ओळखपत्र आणि बँक पासबुक जोडावे. जखमीने उपचाराची मूळ बिले आणि कायमचे अपंगत्व आले असल्यास त्याचे प्रमाणपत्र द्यावे. मृत्यू झाला असल्यास शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा आणि वारसांची कागदपत्रे लागतात. बहुतेक अर्ज लंगडे पडतात ते उत्पन्नाच्या पुराव्यावर. पगारपत्रक किंवा आयकर विवरणपत्र नसेल तर बँकेच्या नोंदी, दुकानाचा परवाना, सातबारा, मालकाचे पत्र, जे हाताशी असेल ते द्यावे. या एका आकड्याने किती फरक पडतो पाहा. स्वतःचा व्यवसाय असलेल्या, महिना 20,000 रुपये मिळवणाऱ्या 35 वर्षांच्या व्यक्तीमागे चार अवलंबित असतील, तर वर्षाच्या 2,40,000 रुपयांत भावी वाढीचे 40 टक्के मिळवून, वैयक्तिक खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून आणि वयानुसार ठरलेल्या 16 या गुणकाने गुणून 40,32,000 रुपये होतात. इतर शीर्षांखालील रकमा वेगळ्या. तेच उत्पन्न 10,000 धरले गेले, तर ही रक्कम निम्म्यावर येते.

केवळ मोटारीचे नुकसान झाले असेल आणि सर्वंकष विमा असेल, तर आधी स्वतःच्या विमा कंपनीला कळवून सर्वेक्षकाची पाहणी झाल्यावरच दुरुस्ती करावी. एकाच नुकसानीची भरपाई दोन्हीकडून घेता येत नाही.

निवाड्यानंतर 30 दिवसांत रक्कम जमा करण्याची तरतूद आहे. ती न आल्यास कलम 174 खाली न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचे प्रमाणपत्र देते, आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. म्हणजे प्रतिवादी राज्य शासन असेल, तर ती शासनाच्याच अधिकाऱ्याने शासनाकडून करायची असते, हे लक्षात घेऊन पाठपुरावा लेखी ठेवावा. महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळू शकतो.