पोलिस कॉशन आणि ब्रिटिश नागरिकत्व

किरकोळ गुन्हा कबूल करणाऱ्या व्यक्तीवर खटला न भरता तिला औपचारिक ताकीद द्यायची आणि प्रकरण पोलिस ठाण्यातच मिटवायचे, या इंग्लंड व वेल्समधील पद्धतीला कॉशन म्हणतात. दुकानातील छोटी चोरी, हातघाई, कुणाच्या वस्तूची मोडतोड, जवळ थोडा गांजा सापडणे अशा प्रकरणांत ती सहसा दिली जाते. कॉशन ही दोषसिद्धी नाही आणि तिच्यासोबत तुरुंगवासही येत नाही. रोजच्या व्यवहारात ती लवकरच मागे पडते. ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज करताना मात्र ती किती जुनी आहे याचा विचार न करता सांगावीच लागते.

महाराष्ट्रात पोलिस एखाद्याला ‘समज देऊन सोडतात’, तसाच हा प्रकार असावा असे मराठी माणसाला प्रथम वाटते आणि इथेच गफलत होते. कॉशन देण्यापूर्वी संबंधिताने गुन्ह्याची स्पष्ट कबुली द्यावी लागते, पुरेसा पुरावा असावा लागतो आणि कॉशन स्वीकारायला त्याची संमती लागते. त्यानंतर परिणाम समजावणाऱ्या कागदावर त्याची सही घेतली जाते. सही झाली की ती नोंद ‘पोलिस नॅशनल कॉम्प्युटर’ या देशव्यापी अभिलेखात जाते आणि व्यक्तीच्या वयाची शंभर वर्षे पूर्ण होईपर्यंत तिथे राहते. ठाण्यात फुकट वकील मिळण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. पण वकील येईपर्यंत थांबण्यापेक्षा सही करून घरी गेलेले बरे, असा विचार रात्री उशिरा पुष्कळांच्या मनात येतो. कॉशनविरुद्ध अपील करता येत नाही. ती चुकीच्या रीतीने दिली गेली असेल, तर पोलिसांकडे तक्रार करणे, नोंद काढून टाकण्याची विनंती करणे किंवा उच्च न्यायालयात न्यायिक पुनर्विलोकन मागणे एवढेच मार्ग उरतात, आणि नोंद अपवादात्मक परिस्थितीतच पुसली जाते.

प्रौढांसाठी कॉशनचे दोन प्रकार प्रचलित आहेत. साध्या कॉशनला कोणतीही अट नसते. सशर्त कॉशनमध्ये भरपाई देणे, माफी मागणे, व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाला हजर राहणे अशा अटी असतात आणि त्या मोडल्यास मूळ गुन्ह्यासाठी खटला भरला जाऊ शकतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी २०१३ पासून ‘यूथ कॉशन’ आहे. स्कॉटलंडची फौजदारी व्यवस्था वेगळी असल्यामुळे तिथे कॉशन नाही. पोलिसांची किंवा सरकारी अभियोक्त्याची लेखी ताकीद आहे, आणि नागरिकत्वाच्या अर्जात तिचीही माहिती द्यावी लागते.

नागरिकत्वाशी या नोंदीचा संबंध येतो तो ‘चांगल्या चारित्र्या’च्या अटीमुळे. ही अट ब्रिटिश कायद्यात १९१४ पासून आहे. सध्याच्या १९८१ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यानेही ती कायम ठेवली, पण चांगले चारित्र्य म्हणजे काय हे त्यात कुठेही सांगितलेले नाही. (भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातही हीच अट आहे आणि तीही व्याख्येविनाच.) कायद्याने सोडलेली ही जागा होम ऑफिसची, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याची, मार्गदर्शक सूचनापत्रे भरून काढतात. ती बदलायला संसदेत नवा कायदा करावा लागत नाही, त्यामुळे अर्जदाराच्या दृष्टीने कायद्यापेक्षा अर्जाच्या तारखेला लागू असलेले सूचनापत्रच निर्णायक ठरते.

१९७४ च्या ‘रिहॅबिलिटेशन ऑफ ऑफेंडर्स’ कायद्यामुळे जुने गुन्हे ठरावीक मुदतीनंतर कालबाह्य मानले जातात आणि ते सांगण्याचे बंधन उरत नाही. साधी कॉशन तर दिल्या क्षणीच कालबाह्य होते. सशर्त कॉशनला फार तर तीन महिने लागतात. नोकरीसाठी होणाऱ्या विस्तृत चारित्र्य-तपासणीतही प्रौढाची किरकोळ कॉशन सहा वर्षांनी गाळली जाते. परंतु १ ऑक्टोबर २०१२ पासून स्थलांतर आणि नागरिकत्वाचे निर्णय या कायद्याच्या संरक्षणातून वगळले आहेत. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीची, रुग्णालयातल्या नोकरीच्या वेळी कुणी विचारलीही नाही अशी कॉशन नागरिकत्वाच्या अर्जात लिहावीच लागते. एकाच माणसाची एकच नोंद एका सरकारी खात्यासाठी संपलेली आणि दुसऱ्यासाठी जिवंत, ही विसंगती संसदेने जाणूनबुजून ठेवली आहे.

नोंद सांगितल्यावर तिला किती वजन द्यायचे याचे नियम दोनदा मोठ्या प्रमाणात बदलले. डिसेंबर २०१२ पासून, फौजदारी नोंदीत असलेली कॉशन अर्जापूर्वीच्या तीन वर्षांत मिळालेली असेल, तर अर्ज सर्वसाधारणपणे नाकारला जाई. तीन वर्षे लोटली की ती एकट्याने आड येत नसे. हे गणित कठोर होते, पण निदान कॅलेंडर पाहून अर्ज कधी करायचा ते ठरवता येई. ३१ जुलै २०२३ पासूनच्या अर्जांना हे वर्षांचे कोष्टक लागू नाही. बारा महिने किंवा त्याहून अधिक कारावास झालेल्यांना आता कितीही काळ लोटला तरी सामान्यतः नकार मिळतो, तर कॉशनसारख्या हलक्या नोंदींच्या बाबतीत अधिकारी एकूण परिस्थिती तोलून अर्जदार चारित्र्यवान आहे की नाही हे ठरवतो. गुन्ह्याचे स्वरूप, किती काळ लोटला, नंतरची वागणूक, प्रकार एकदाच घडला की वारंवार, हे सारे तो पाहतो. अनेक वर्षांपूर्वीच्या एकुलत्या एका कॉशनमुळे नकार मिळण्याची शक्यता कमी असते. गेल्या वर्षीची कॉशन, विशेषतः मारहाणीची किंवा अप्रामाणिकपणाची, घेऊन अर्ज करणे मात्र जोखमीचे आहे.

अधिकाऱ्याने यंत्रवत निर्णय देऊ नये, हे तत्त्व न्यायालयाने आधीच सांगितले होते. ब्रिटिश सैन्यातील एका परदेशी सैनिकाला वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल न्यायालयात दंड झाला आणि तेवढ्यावर त्याचा अर्ज फेटाळला गेला. २०१४ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने तो नकार रद्द केला. त्याच्या लष्करी सेवेसह सर्व बाजूंचा विचार व्हायला हवा होता, असे न्यायालयाने म्हटले. हे प्रकरण दोषसिद्धीचे असले तरी कॉशनवाल्या अर्जदारांच्या बाजूने मांडल्या जाणाऱ्या युक्तिवादाचा पाया तोच आहे. वेळेवर भरलेला वाहतुकीचा ठरावीक दंड मात्र सहसा आड येत नाही.

खरा घात कॉशनपेक्षा ती लपवल्याने होतो. होम ऑफिस प्रत्येक प्रौढ अर्जदाराची नोंद पोलिस अभिलेखात तपासते, त्यामुळे न सांगितलेली कॉशन बहुधा उघडकीस येते आणि मग प्रश्न किरकोळ चोरीचा न राहता फसवणुकीचा होतो. अर्जातील फसवणुकीबद्दल दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारला जाऊ शकतो. नागरिकत्व मिळून गेले असले, तरी महत्त्वाची माहिती दडवून ते मिळवल्याचे सिद्ध झाल्यास १९८१ च्या कायद्याच्या ४० व्या कलमान्वये ते काढून घेता येते. ज्यांना आपल्याला मिळाली ती कॉशन होती की नुसती तोंडी समज हे आठवत नाही, त्यांना ‘एक्रो’ या पोलिस अभिलेख कार्यालयाकडून स्वतःची नोंद मागवता येते. अर्ज प्रलंबित असताना नवी कॉशन मिळाली, तर तीही कळवावी लागते.

पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये आलेल्या आणि स्विंडनसारख्या शहरांत स्थिरावलेल्या गोमंतकीयांच्या बाबतीत ही चूक निष्पापपणे घडू शकते. युरोपीय नागरिकांना ब्रेक्झिटनंतरही ब्रिटनमध्ये राहता यावे यासाठीच्या ‘सेटलमेंट स्कीम’च्या अर्जात कॉशन सांगण्याची गरज नाही, असे सरकारच स्पष्टपणे सांगते. तिथे ‘नाही’ लिहिणे योग्यच होते. पण तेच उत्तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात उतरवले, तर ते असत्य ठरते.

चारित्र्याची अट दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांनाही लागू आहे. ब्रिटनमध्येच जन्मून पहिली दहा वर्षे तिथेच काढलेल्या मुलाला नागरिक म्हणून नोंदणीचा हक्क असतो, तरी शाळेच्या आवारातील मारामारीवरून मिळालेली यूथ कॉशन त्याच्या अर्जात तपासली जाते. मुलाचे हित आणि घटनेच्या वेळचे वय लक्षात घेणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. व्यवहारात मात्र, जिथे नोंदणीचा दुसरा मार्ग उपलब्ध असेल तिथे, मुलाचा अर्ज शक्यतो लवकर, म्हणजे ते दहा वर्षांचे होण्याआधी, करण्याचा सल्ला वकील देतात.

नकाराविरुद्ध अपिलाची तरतूद नाही. ठरावीक फॉर्म भरून फेरविचार मागता येतो किंवा उच्च न्यायालयात जाता येते. अर्जाची मोठी फी बुडते, केवळ नागरिकत्व समारंभासाठी घेतलेला भाग परत मिळतो. कायम वास्तव्याचा परवाना मात्र या नकाराने आपोआप जात नाही, आणि भारतीय अर्जदाराचे भारतीय नागरिकत्वही शाबूत राहते, कारण ते परदेशी नागरिकत्व प्रत्यक्ष मिळाल्यावरच संपते. पुन्हा अर्ज करायला बंदी नसते, परंतु प्रत्येक नव्या अर्जात त्याच कॉशनची माहिती पुन्हा द्यावी लागते.