शिकवायची ऑपरेटिंग सिस्टिम घरच्या कॉम्प्युटरवर पोर्ट करावी का? प्रश्नामागचा इतिहास

शिकवण्यासाठी लिहिलेली एक लहानशी ऑपरेटिंग सिस्टिम हाताशी आहे, तिचा सगळा सोर्स कोडही आहे. पण घरातला कॉम्प्युटर वेगळ्याच प्रोसेसरचा आहे. मग ती त्यावर पोर्ट करावी, म्हणजे त्या प्रोसेसरवर चालेल अशी बदलून घ्यावी, की नाही? १९८०च्या दशकात हा प्रश्न बऱ्याच जणांना पडला, आणि नवे स्वस्त यंत्र बाजारात आले की तो अजूनही पडतो. चर्चा बहुतेक वेळा ‘चालेल का’ इथेच अडकते. आजवरचा अनुभव पाहिला तर चिकाटी असली की चालते. माझ्या मते पाहायची गोष्ट दुसरीच आहे. अशा सिस्टिमचे मोल ती वाचता येते यात असते, म्हणून पोर्ट झाल्यावर तिचा किती भाग पूर्वीइतकाच वाचनीय उरला, हे तपासायला हवे.

वाचण्याजोगी ऑपरेटिंग सिस्टिम ही कल्पना रुजली ती युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीमुळे. ही आवृत्ती १९७५ची. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी तिच्या कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, सोर्स कोड ओळींना क्रमांक देऊन छापला आणि सोबत विद्यार्थ्यांसाठी टीपा लिहिल्या. कर्नल होता जेमतेम नऊ हजार ओळींचा. एका माणसाला एका सत्रात पूर्ण वाचून समजेल, इतकाच. मात्र १९७९च्या सातव्या आवृत्तीपासून युनिक्सची मालक कंपनी एटी अँड टीने परवान्यात अट घातली की हा सोर्स कोड वर्गात शिकवायचा नाही. लायन्स यांच्या टीपांच्या झेरॉक्स प्रती पुढे वर्षानुवर्षे हातोहात फिरल्या. पुस्तक म्हणून त्या उघडपणे बाजारात यायला १९९६ उजाडले.

त्या काळी हा कोड चालायचा तो पीडीपी-११ वर, म्हणजे संस्थेच्या खोलीतल्या यंत्रावर. विद्यार्थ्याला कागद घरी नेता येत होते, यंत्र नाही. युनिक्स दुसऱ्या यंत्रावर नेता येते हे मात्र लवकरच सिद्ध झाले. १९७७मध्ये वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी सहावी आवृत्ती इंटरडेटा ७/३२ या अगदी वेगळ्या घडणीच्या यंत्रावर चालवून दाखवली. कर्नलचा बहुतांश भाग सी भाषेत होता, त्यामुळेच हे जमले. पीडीपी कुळाबाहेर युनिक्सने टाकलेले हे पहिले पाऊल. आज पोर्टिंग म्हटले की जी कामे डोळ्यासमोर येतात, म्हणजे आधी कंपायलर (सी कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम), मग असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या आज्ञांत, लिहिलेला थोडका भाग, मग ड्रायव्हर (एकेक उपकरण चालवणारा कोड), ती सगळी तेव्हाच करावी लागली होती.

त्यानंतर लवकरच अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात डग्लस कोमर यांनी झिनू ही शिकवायची सिस्टिम लिहायला घेतली. ती एलएसआय-११ या छोट्या यंत्रावर चालायची. विद्यार्थी मोठ्या यंत्रावर कोड लिहून कंपाइल करत आणि तयार झालेला प्रोग्राम छोट्या यंत्रात उतरवत. झिनू पुढे अनेक प्रोसेसरांवर गेली. तिला मेमरीचे संरक्षण वगैरे काही लागत नव्हते, म्हणून हा प्रवास तिला तुलनेने सोपा गेला.

घरच्या कॉम्प्युटरचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा केला तो मिनिक्सने. सातव्या आवृत्तीच्या त्या अटीमुळे शिकवायला काही उरले नाही, तेव्हा अ‍ॅम्स्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठातले अँड्र्यू टॅनेनबाम यांनी स्वतःच मिनिक्स ही सिस्टिम लिहिली. बाहेरून ती सातव्या आवृत्तीसारखी होती, पण आत एटी अँड टीची एकही ओळ नव्हती. १९८७मध्ये ती पुस्तकासोबत आली आणि सुमारे १२,००० ओळींचा मुख्य भाग पुस्तकातच छापलेला होता. ती आयबीएम पीसीसाठी होती, हार्ड डिस्क नसली तरी फ्लॉपीवर चालायची. ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स कोड बदलून, कंपाइल करून स्वतःच्या टेबलावर पुन्हा सुरू करून पाहणे आता विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले.

पण घरोघरी फक्त पीसीच नव्हते. १९८५मध्ये अटारी एसटी आणि कमोडोर अमिगा बाजारात आले होते. दोन्हींत मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर होता आणि अनेक घरांत पीसीपेक्षा ही यंत्रेच परवडत होती. ती वापरणाऱ्यांनी विचारले की मिनिक्स आमच्याकडे का नाही? उत्तर हळूहळू आले. आधी एसटीसाठी, आणि १९९१च्या १.५ आवृत्तीत अमिगा आणि मॅकिंटॉशसाठीही. मॅकवरचे मिनिक्स तर मॅकच्या स्वतःच्या सिस्टिमवर एक प्रोग्राम म्हणून चालायचे. यंत्राचा पूर्ण ताबा न घेताही पोर्ट करता येतो, हे त्यामुळे दिसले.

मिनिक्सची रचना पोर्टिंगला सोयीची होती. फाइल सिस्टिम आणि मेमरी मॅनेजर हे कर्नलपासून वेगळे, निरोपांची देवाणघेवाण करत चालणारे प्रोग्राम होते. फाइल सिस्टिमला प्रोसेसर कोणता आहे याच्याशी फारसे देणेघेणे नव्हते. अडचण आली ती भलत्याच ठिकाणी, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

आयबीएम पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरमध्ये सेगमेंट रजिस्टर असतात. प्रोग्राम स्वतःचे पत्ते शून्यापासून मोजतो आणि हार्डवेअर त्यात सेगमेंटचा पाया मिळवते. त्यामुळे एखादा प्रोग्राम मेमरीत कुठेही ठेवला तरी त्याला ते कळतही नाही. पाया बदलला की झाले. फोर्क करताना, म्हणजे एका प्रोसेसची (चालू असलेल्या प्रोग्रामची) हुबेहूब दुसरी प्रोसेस बनवताना, मेमरीतला मजकूर दुसरीकडे उतरवायचा, पाया नवा द्यायचा आणि दोघांना चालू द्यायचे.

साध्या ६८०००मध्ये ही सोय नाही. प्रोग्राममधले पत्ते खरोखरीच्या मेमरीतले पत्ते असतात. लोड करताना ते एकदा दुरुस्त करता येतात. प्रोग्रामच्या फाइलसोबत एक तक्ता असतो, कोणकोणत्या जागी पत्ते आहेत हे त्यात लिहिलेले असते आणि त्या प्रत्येक जागी पाया मिळवला जातो. पण फोर्कच्या वेळी हा उपाय लंगडा पडतो. प्रोग्राम आता चालू आहे. त्याच्या स्टॅकवर (तात्पुरत्या नोंदींच्या जागेत) परतीचे पत्ते आहेत, व्हेरिएबलमध्ये पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागांचे पत्ते, आहेत, आणि कोणता आकडा पॉइंटर आहे नि कोणता नुसताच आकडा, हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रत दुसऱ्या जागी ठेवून तिला तिथेच चालवता येत नाही. तिचे सगळे पॉइंटर मूळ प्रोसेसच्या मेमरीकडेच बोट दाखवत राहतात.

एसटीवरच्या मिनिक्समध्ये यावर निघालेला तोडगा सरळ आणि महागडा होता. प्रत दुसरीकडे सावलीसारखी ठेवायची. दोघांपैकी जिची पाळी येईल तिचा मजकूर मूळ जागी असला पाहिजे, नसला तर दोन्हींची अदलाबदल करायची. म्हणजे प्रोसेस बदलताना कधी कधी हजारो बाइट इकडून तिकडे हलवायचे. व्यवहारात हे निभावले, कारण शेलमध्ये, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या प्रोग्राममध्ये, फोर्कनंतर लगेच एक्झेक होते, नवा प्रोग्राम स्वतःच्या जागेत लोड होतो आणि सावलीची गरज संपते. पण दोन्ही प्रती बराच वेळ चालू राहिल्या की यंत्र प्रत्येक पाळीला मजकूर वाहत बसायचे.

मला हा भाग फार मोलाचा वाटतो. पीसीवर शिकणाऱ्याला फोर्क फुकटात मिळाल्यासारखे दिसते. त्यामागे हार्डवेअर काय देते आहे हे ६८०००वर ते नसल्यामुळे कळते. म्हणजे पोर्टने शिकवण्यात भर घातली. पण त्याच पोर्टने कोडमध्ये असा एक तुकडा आणला की पुस्तक वाचणाऱ्याला तो पुस्तकात सापडत नाही आणि फोर्क या मूळ कल्पनेशी त्याचा संबंधही नाही. या व्यवहारातला नफा आणि तोटा असे एकाच जागी सापडतात.

बाकीची कामे संख्येने जास्त आणि कल्पनेने साधी होती. पीसीच्या टेक्स्ट स्क्रीनवर अक्षर दाखवायचे तर त्याचा कोड मेमरीत ठरलेल्या जागी लिहिला की पुरे. एसटी आणि अमिगाला टेक्स्ट स्क्रीनच नाही, तिथे प्रत्येक अक्षर ठिपक्याठिपक्यांनी काढावे लागते. एसटीचा काळापांढरा स्क्रीन ६४० गुणिले ४०० ठिपक्यांचा, म्हणजे ३२,००० बाइट. एक ओळ वर सरकवायची तर जवळपास तेवढे सगळे हलवायचे. फ्लॉपीच्या बाबतीत एसटीत नेहमीचा कंट्रोलर होता, तो सेक्टर मागितला की सेक्टर देई. अमिगाचे हार्डवेअर मात्र ट्रॅकवरचा कच्चा प्रवाह हातात ठेवते आणि त्यातून सेक्टर शोधून काढणे हे सॉफ्टवेअरचे काम. शिवाय ६८०००मध्ये सम संख्येच्या पत्त्यावरूनच ‘शब्द’, म्हणजे दोन बाइटांचा आकडा, वाचता येतो, बाइटचा क्रम इंटेलच्या उलटा असतो आणि पॉइंटर ३२ बिटांचा असतो. पॉइंटर आणि इंट (सी भाषेतला साधा पूर्णांक) एकाच मापाचे आहेत असे गृहीत धरून लिहिलेली प्रत्येक ओळ अशा वेळी उघडी पडते. कोड नीट लिहिला आहे का याची इतकी कडक परीक्षा दुसरी नाही, आणि ती देण्यासाठी तरी एकदा पोर्ट करून पाहावे असे मी म्हणेन.

मिनिक्सच्या वापरकर्त्यांच्या मागण्या याच काळात वाढत गेल्या. इंटेलच्या ३८६ प्रोसेसरची यंत्रे लोकांच्या हाती आली तेव्हा ब्रूस इव्हान्स यांनी त्याचा ३२ बिटांचा मोड वापरणारे पॅच, म्हणजे मूळ कोडमधल्या फक्त बदलांच्या फाइली, तयार केले. मूळ कोड बदलून तो पुन्हा वाटायची परवान्यात मुभा नव्हती, म्हणून बदल पॅच म्हणूनच फिरत. आधी अधिकृत प्रत विकत घ्यायची, मग त्यावर पॅच चढवायचे. टॅनेनबाम यांनी बहुतेक मागण्यांना नकार दिला. सिस्टिम विद्यार्थ्याच्या डोक्यात मावली पाहिजे, हे त्यांचे कारण. वापरकर्त्यांची निराशा समजण्यासारखी होती, तरी टॅनेनबाम यांचे म्हणणे मला पटते. वाढू दिलेली सिस्टिम शिकवायच्या कामाची उरत नाही.

त्या निराशेतून काय घडले ते सर्वांना माहीत आहे. हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स यांनी ३८६वर मिनिक्स चालवत चालवतच लिनक्स हा स्वतःचा कर्नल लिहिला आणि ऑगस्ट १९९१मध्ये तो जाहीर केला. जानेवारी १९९२मध्ये टॅनेनबाम यांनी त्यावर टीका केली. त्यांचा एक मुद्दा थेट आपल्या प्रश्नाशी जोडलेला होता. लिनक्स एकाच प्रोसेसर कुळाला बांधलेली आहे आणि हा मार्ग बरा नव्हे, असे ते म्हणत होते. पुढे लिनक्स अमिगा आणि अटारीवरही गेली, पण तिला एमएमयू, म्हणजे मेमरीचे पत्ते बदलून देणारे हार्डवेअर, असलेला प्रोसेसर लागे. साध्या ६८०००च्या मालकाला मिनिक्सचाच आधार राहिला.

तोवर शिक्षकांमधल्या काहींनी निराळी वाट धरली होती. १९९२मध्ये बर्कलीत नॅकॉस तयार झाली. ती साध्या युनिक्स प्रोग्रामसारखी चालते आणि विद्यार्थ्यांचे प्रोग्राम मिप्स प्रोसेसरच्या सिम्युलेटरवर. यंत्रच खोटे असल्यामुळे पोर्टिंगचा प्रश्नच मिटला. स्टॅनफर्डची पिंटोस खऱ्या पीसीवर चालू शकते, पण वर्गात ती बहुधा एम्युलेटरमध्येच, म्हणजे यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्येच, चालवली जाते. एमआयटीत आधी लायन्स यांच्या टीपा आणि सहावी आवृत्ती घेऊनच शिकवत. २००६मध्ये तिथे एक्सव्ही-६ लिहिली गेली, सहाव्या आवृत्तीचीच रचना नव्या सीमध्ये, इंटेलच्या अनेक प्रोसेसरांच्या यंत्रासाठी. नंतर त्यांनी तिची रिस्क-व्ही या प्रोसेसर कुळासाठी आवृत्ती केली. ती क्यूईएमयू या एम्युलेटरच्या यंत्राला धरून लिहिलेली आहे आणि तिची डिस्क म्हणजे व्हर्टआयओ नावाचे, एम्युलेटर पुरवतो ते उपकरण.

आठ बिटांच्या यंत्रांची कथा थोडक्यात सांगता येते. डग ब्राउन यांची यूझेडआय ही युनिक्ससारखी सिस्टिम झेड-८० या आठ बिटांच्या प्रोसेसरवर ६४ किलोबाइटमध्ये बसते. तिच्याच पायावर २०१४पासून अ‍ॅलन कॉक्स यांनी फझिक्स उभी केली आणि ती कितीतरी जुन्या घरगुती यंत्रांवर पोहोचली. अभ्यासाला ती उत्तम आहे, पण तिथे मेमरी वाचवायच्या युक्त्या इतक्या असतात की पहिल्यांदा शिकणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये.

आजचा घरगुती उमेदवार म्हणजे रास्पबेरी पाय, किंवा त्यासारखा एखादा बोर्ड. २०१२मध्ये पाय आला आणि अमेरिकेतल्या मार्केट (Marquette) विद्यापीठातल्या एम्बेडेड झिनूच्या गटाने झिनू त्यावर चालवली. प्रोसेसर, टाइमर, सीरियल पोर्ट इथपर्यंतचे काम आटोपशीर आहे. अडते ते कीबोर्डपाशी. पायला कीबोर्ड लागतो तो यूएसबीवरून, आणि पहिल्या मॉडेल बीमध्ये इथरनेटसुद्धा यूएसबीमागेच आहे. म्हणजे एक कळ दाबलेली कळण्यासाठी यूएसबी होस्ट कंट्रोलरचा ड्रायव्हर, हबचा ड्रायव्हर, उपकरण ओळखण्याची सगळी देवाणघेवाण आणि मग कीबोर्डचा ड्रायव्हर लागतो. त्या कंट्रोलरची पूर्ण कागदपत्रेही उघड नव्हती. झिनूच्या लोकांनी हा ड्रायव्हर नव्याने लिहिला आणि त्यावर भरपूर टीपाही लिहिल्या, हे त्यांचे मोठे काम. पण ज्याला हे सगळे टाळायचे आहे तो सीरियल केबल जोडून दुसऱ्या कॉम्प्युटरवरून टाइप करतो. एक्सव्ही-६ अशा बोर्डावर न्यायची झाली तर व्हर्टआयओच्या जागी एसडी कार्डाचा ड्रायव्हर लिहावा लागतो, तेवढा लिहून सीरियलवर थांबले तर मूळ कर्नल जवळपास जसाच्या तसा राहतो. कीबोर्ड आणि स्क्रीन हवेच असा हट्ट धरला तर यूएसबी आणि ग्राफिक्सचा कोड कर्नलपेक्षा मोठा होऊन बसतो. मला विचाराल तर मी सीरियलवर थांबेन.