'वोझा आफ्रिका' : १९८६ च्या नाट्यमहोत्सवामागचा इतिहास

सप्टेंबर-ऑक्टोबर १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधील मिट्झी न्यूहाउस या छोट्या नाट्यगृहात दक्षिण आफ्रिकेतील समकालीन नाटकांचा 'वोझा आफ्रिका' ('ऊठ, आफ्रिका') हा महोत्सव झाला. एम्बोंगेनी न्गेमा यांचे 'असिनामाली', पर्सी म्त्वा यांचे 'बोफा', मात्सेमेला मनाका यांचे 'चिल्ड्रन ऑफ असाझी', मैशे मापोन्या यांचे 'गँगस्टर्स' आणि बार्नी सायमन यांनी नटसंचाला बरोबर घेऊन रचलेले 'बॉर्न इन द आरएसए' ही त्यातील प्रमुख नाटके. महोत्सवामागे ड्यूमा न्द्लोवू होते. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वसाहतीत पत्रकारिता केलेले न्द्लोवू तेव्हा अमेरिकेत राहत होते, आणि त्यांनी संपादित केलेला याच नावाचा नाट्यसंग्रहही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

त्या वर्षी १२ जूनला दक्षिण आफ्रिकेत देशभर आणीबाणी लागू झाली होती. वर्णद्वेषी राजवटीवर निर्बंध घालणाऱ्या विधेयकावरील अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार अमेरिकी सिनेटने २ ऑक्टोबरला, म्हणजे महोत्सवाच्याच सुमारास, फेटाळून लावला. अशा वातावरणात ही नाटके बातम्यांचा पुढचा भाग म्हणून पाहिली जाणे स्वाभाविक होते. मात्र त्यामुळे एक गोष्ट झाकली गेली. परदेशी प्रेक्षकाला 'निषेधाची रंगभूमी' म्हणून एकसंध दिसणारी ही नाटके एकमेकांशी वाद घालणाऱ्या तीन परंपरांमधून आली होती, आणि तो वाद नाटक कोणी करायचे, कोणाच्या पैशाने करायचे आणि कोणासमोर करायचे, याविषयी होता.

या वादाची चौकट कायद्याने आखून दिलेली होती. १९४८ मध्ये वर्णभेदाचे धोरण राबवणारी नॅशनल पार्टी सत्तेवर आली. १९५० च्या कायद्यांनी प्रत्येक नागरिकाची वंशावार नोंद केली आणि वस्त्याही वंशावार वाटून टाकल्या. शहराचा मध्यभाग गोऱ्यांचा ठरला, तेथील नाट्यगृहेही त्यांचीच झाली आणि कृष्णवर्णीय कामगारांना शहराबाहेरच्या टाउनशिपमध्ये लोटण्यात आले. १९६० च्या दशकाच्या मध्यास मिश्र प्रेक्षकवर्ग आणि मिश्र नटसंच या दोहोंवर बंदी आली. त्याच दशकात प्रांतोप्रांती सरकारी अनुदानावर चालणारी कला मंडळे स्थापन झाली. त्यांची झगमगीत सभागृहे, वाद्यवृंद आणि बॅले ही सर्व व्यवस्था गोऱ्या करदात्यासाठी होती. टाउनशिपच्या वाट्याला उरला तो नगरपालिकेचा सार्वजनिक हॉल, ज्यात ना धड प्रकाशयोजना होती, ना पडदा. शिवाय त्याचे आरक्षण त्याच प्रशासनाच्या हाती होते, ज्याच्याविरुद्ध नाटकात बोलायचे होते.

या हॉलमध्ये सर्वप्रथम मोठा प्रेक्षक खेचून आणला तो गिब्सन केंटे यांनी. १९६० च्या दशकापासून त्यांनी टाउनशिपसाठी संगीत नाटके लिहिली, बसवली, त्यांना चाली दिल्या आणि बसमध्ये संच घालून ती गावोगाव नेली. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या आपल्याकडच्या संगीत नाटक कंपन्यांशी त्यांचा संसार बराच मिळताजुळता होता. तिकीटविक्रीवर चालणारा, सरकारी मदतीवाचून आणि गोऱ्या आश्रयदात्यावाचून उभा. दारुडा, पाद्री, पोलीस आणि सोशिक आई ही त्यांच्या नाटकांतील ठरीव पात्रे होती. अभिनय मुद्दाम मोठा, अंगविक्षेपांचा, कारण हॉलच्या शेवटच्या बाकापर्यंत तो पोहोचायला हवा. उच्चभ्रू समीक्षकांनी या नाटकांना भडक मेलोड्रामा म्हणून बाजूला सारले, जे मला अन्यायाचे वाटते, कारण नटाने आपल्या देहातून आणि गळ्यातून संपूर्ण वस्ती उभी करायची ही जी किमया पुढे जगाने वाखाणली, तिची शाळा केंटे यांच्या तालमींत होती. १९७० च्या दशकाच्या मध्यास 'हाउ लाँग'सारख्या नाटकांतून त्यांनी राजकीय विषयालाही हात घातला आणि १९७६ मध्ये त्याच नाटकावरील चित्रपटाच्या चित्रीकरणादरम्यान त्यांना अटक झाली.

दुसरी परंपरा गोरे दिग्दर्शक आणि कृष्णवर्णीय नट यांच्या एकत्रित कामाची. गोरे नाटककार अॅथॉल फुगार्ड यांनी १९६१ मध्ये 'द ब्लड नॉट'मध्ये झेक्स मोकाए यांच्याबरोबर स्वतः भूमिका केली. १९६३ पासून ते पोर्ट एलिझाबेथच्या न्यू ब्रायटन वसाहतीतील 'सर्पंट प्लेयर्स' या मंडळींबरोबर काम करू लागले. या संचातील जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना यांच्यासमवेत रचलेले 'सिझ्वे बान्झी इज डेड' १९७२ मध्ये केप टाउनच्या 'द स्पेस' या नव्या नाट्यगृहात रंगभूमीवर आले. कृष्णवर्णीयाला सतत जवळ बाळगावा लागणारा पास, मेलेल्या माणसाचा पास उचलून त्याच्या नावाने जगू पाहणारा एक स्थलांतरित कामगार आणि एक छायाचित्रकार एवढ्या ऐवजावर हे नाटक उभे होते. पुढच्याच वर्षी रॉबेन बेटावरील तुरुंगावरचे 'द आयलंड' आले. १९७५ मध्ये या दोन नाटकांतील कामासाठी कानी आणि न्त्शोना यांना अमेरिकी रंगभूमीचा टोनी पुरस्कार विभागून मिळाला, आणि दुसऱ्याच वर्षी मायदेशी ट्रान्सकाय भागात 'सिझ्वे बान्झी'च्या दौऱ्यावर असताना त्यांना अटक झाली.

याच परंपरेत जोहान्सबर्गचे मार्केट थिएटर येते. बार्नी सायमन आणि मॅनी मनिम यांनी न्यूटाउन भागातील १९१३ च्या जुन्या बाजाराची इमारत घेतली. 'इंडियन फ्रूट मार्केट' या नावाने ओळखला जाणारा हा फळबाजार काही काळापूर्वीच शहराबाहेर हलला होता. १६ जून १९७६ रोजी सोवेटोत शाळकरी मुलांच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि उठाव पेटला. त्यानंतर पाचच दिवसांनी, २१ जूनला, चेकॉव्हच्या 'द सीगल'ने हे नाट्यगृह सुरू झाले. कायद्याकडे काणाडोळा करून तेथे सर्व वर्णांचे प्रेक्षक शेजारी-शेजारी बसू लागले. तरीही सोवेटोतल्या माणसाला रात्रीचा खेळ संपल्यावर परतायला वाहन मिळणे मुश्कील असे आणि तिकिटाचा दरही त्याच्यासाठी नव्हता. प्रतिकाराचे नाटक प्रामुख्याने गोऱ्या उदारमतवाद्यांसमोर होत आहे, ही टीका मार्केटच्या पाठीस कायम राहिली.

ही टीका सर्वांत धारदारपणे करणारी तिसरी परंपरा म्हणजे कृष्णवर्णीय आत्मभानाची चळवळ. स्टीव्ह बिको यांच्याभोवतीच्या विद्यार्थी संघटनेतून ती पसरली, आणि 'ब्लॅक' या संज्ञेत तिने भारतीय वंशाच्या व मिश्रवंशीय लोकांनाही सामील करून घेतले. म्हणूनच या नाट्यचळवळीचा एक महत्त्वाचा तळ दरबान होता. मूळचे मुंबईचे दिग्दर्शक कृष्णा शाह यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस टागोरांच्या नाटकाचा प्रयोग दक्षिण आफ्रिकेत आणला होता, आणि रॉनी गोव्हेंडर प्रभृतींनी स्थापन केलेल्या दरबानच्या 'शाह थिएटर अकॅडमी'ने त्यांचेच नाव घेतले. दशकाच्या अखेरीस स्ट्रिनी मूडली आणि सॅथ्स कूपर यांच्या पुढाकाराने 'थिएटर कौन्सिल ऑफ नाताळ' उभी राहिली. या मंडळींना गोऱ्या दिग्दर्शकाची मध्यस्थी नको होती. नाटक आपले, प्रेक्षक आपले आणि उद्देश आपल्या माणसांच्या मनातील भीती काढण्याचा.

सरकारने या गटांची दखल समीक्षकांपेक्षा गांभीर्याने घेतली. 'शांती' या नाटकाचे लेखक म्थुली शेझी डिसेंबर १९७२ मध्ये जर्मिस्टन स्थानकावर गाडीखाली ढकलले गेले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. 'पीपल्स एक्स्परिमेंटल थिएटर'ने १९७३ मध्ये ते नाटक केले, तेव्हा गटाच्या सदस्यांवर दहशतवादविरोधी कायद्याखाली खटला भरला गेला आणि नाटकाची संहिताच आरोपपत्रात दाखल झाली. विद्यार्थी नेत्यांवरील मोठ्या खटल्यातही नाटके आणि कविता पुरावा म्हणून मांडण्यात आल्या. १९७६ च्या डिसेंबरमध्ये मूडली आणि कूपर यांच्यासह नऊ जणांना शिक्षा होऊन त्यांची रवानगी रॉबेन बेटावर झाली.

या तीन वाटा एकत्र आल्या त्या 'वोझा अल्बर्ट' या नाटकात. म्त्वा आणि न्गेमा हे दोघेही केंटे यांच्या कंपनीतील नट. येशू ख्रिस्त आज दक्षिण आफ्रिकेत अवतरला तर काय होईल, या दौऱ्यावरच्या चर्चेतून त्यांना कल्पना सुचली. कंपनी सोडून त्यांनी स्वतंत्र तालमी सुरू केल्या, नंतर बार्नी सायमन यांना गाठले, आणि १९८१ मध्ये मार्केटमध्ये नाटक उभे राहिले. रंगमंचावर चहाची दोन रिकामी खोकी आणि वर खिळ्यांना टांगलेले जुनेपाने कपडे एवढेच सामान. उघड्या अंगाच्या दोन्ही नटांच्या गळ्यात इलॅस्टिकला बांधलेला, गुलाबी रंगवलेला अर्धा स्क्वॉशचा चेंडू. गोऱ्या माणसाची भूमिका आली की तो नाकावर चढवायचा, की झाला पोलीस अधिकारी किंवा मालक. न्हावी, वीटभट्टीचा मजूर, रस्त्यावर मांस विकणारा तरुण, रेल्वेगाडी, हेलिकॉप्टर हे सारे दोन देहांतून निघत असे. शेवटी अवतरलेला मोरेना, म्हणजे ख्रिस्त, दफनभूमीत जाऊन मृत नेत्यांना एकेक करून उठवतो, आणि त्यांत १९६० सालच्या शांतता नोबेलचे मानकरी अल्बर्ट लुथुली असतात. केंटे यांची देहभाषा, सायमन यांची कार्यशाळेची पद्धत आणि बिकोंच्या पिढीचा ताठ कणा एकत्र आल्यावर काय होते, हे या नाटकाने दाखवले. ते एडिंबरा आणि न्यूयॉर्कपर्यंत पोहोचले, आणि १९८६ च्या महोत्सवाची वाट त्यानेच मोकळी केली.

महोत्सवातील नाटकांत ही सरमिसळ आणि त्यातील ताणही दिसतात. 'असिनामाली'त मुंडन केलेले पाच कैदी आहेत. १९८३ मध्ये दरबानजवळच्या लॅमाँटव्हिल वसाहतीत भाडेवाढीविरुद्ध झालेले आंदोलन आणि त्याचे नेते म्सिझी दुबे यांची हत्या ही त्याची पार्श्वभूमी. 'बोफा'त तीन नट एका कृष्णवर्णीय पोलिसाच्या घरातील फूट रंगवतात, ज्यात बाप सरकारच्या गणवेशात आणि मुलगा शाळेच्या बंडात. 'चिल्ड्रन ऑफ असाझी' अलेक्झांड्रा वसाहतीतील पाडापाडीबद्दल आहे. सर्वांत निष्ठुर 'गँगस्टर्स': एक कवी, त्याच्यावर अत्याचार करणारे दोन पोलीस, एक गोरा व एक काळा, आणि पाठीमागे कोठडीत संपलेल्या बिकोंची सावली. सेन्सॉरने या नाटकावर सरसकट बंदी घातली नाही. फक्त छोट्या, चार भिंतींआडच्या प्रायोगिक नाट्यगृहांतच ते करता येईल, अशी अट घातली. याचा अर्थ उघड होता. मार्केटच्या मोजक्या प्रेक्षकांनी ते खुशाल पाहावे, सोवेटोच्या हॉलमध्ये ते दिसता कामा नये. बंदीपेक्षा ही परवानगी अधिक धूर्त होती. 'बॉर्न इन द आरएसए' मात्र या पंगतीत वेगळे पडते. सात नटांचा त्याचा संच मिश्र आहे, मुलाखती व वर्तमानपत्रांतून त्याची सामग्री जमवलेली आहे आणि विद्यार्थ्यांत मिसळलेला एक गोरा पोलीस हेर त्याच्या केंद्रस्थानी आहे.

आणखी एक पेच होता तो सांस्कृतिक बहिष्काराचा. १९६३ मध्ये अनेक ब्रिटिश नाटककारांनी वर्णभेद पाळणाऱ्या नाट्यगृहांना आपल्या नाटकांचे हक्क नाकारले आणि डिसेंबर १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सांस्कृतिक देवाणघेवाण थांबवण्याचे आवाहन केले. फुगार्ड यांनी आधी बहिष्काराला पाठिंबा दिला आणि नंतर मत बदलले. परंतु बाहेरच्यांनी तेथे जाऊ नये हा नियम सोपा. तिथल्यांनी बाहेर येऊ नये का, हा प्रश्न अवघड. राजवटीने पाठवलेले नृत्यपथक आणि राजवटीविरुद्ध बोलणारे नाटक यांना एकच माप लावणे उघडच विसंगत होते. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे ऑलिव्हर टांबो यांनी १९८७ मध्ये हा भेद जाहीरपणे मान्य केला आणि लोकांच्या संस्कृतीला बहिष्कारातून वगळण्याची भूमिका घेतली. 'वोझा आफ्रिका' त्याच्या वर्षभर आधीच ते करून मोकळा झाला होता.

महोत्सवानंतर 'असिनामाली' १९८७ मध्ये ब्रॉडवेवर गेले आणि दिग्दर्शनासाठी न्गेमा यांना टोनीचे नामांकन मिळाले. त्याच वर्षी मार्केटमध्ये त्यांचे 'साराफिना' आले आणि लिंकन सेंटरमार्गे जानेवारी १९८८ मध्ये ब्रॉडवेवर पोहोचून तेथे त्याचे ५९७ प्रयोग झाले. सोवेटोतील शाळकरी मुलांचा उठाव, न्गेमा आणि ह्यू मासेकेला यांचे संगीत आणि रंगमंचभर नाचणारा तरुण संच. केंटे यांचा वारसा येथे पुन्हा वर आला, पण चहाची खोकी मात्र मागे राहिली. १९८९ मध्ये आल्बी सॅक्स यांनी, स्वतः मुक्तिलढ्यातले असूनही, संस्कृती हे लढ्याचे हत्यार आहे असे म्हणणे काही काळ थांबवावे, असे सुचवले तेव्हा मोठी खळबळ उडाली.

लोकशाही आल्यावर नाटक कोणाच्या पैशाने, हा जुना प्रश्न भलत्याच रूपात परतला. १९९५-९६ मध्ये आरोग्य मंत्रालयाने एड्सविषयक जागृतीसाठी न्गेमा यांना 'साराफिना २' हे नाटक करण्याचे सुमारे १ कोटी ४० लाख रँडचे कंत्राट दिले. निविदा प्रक्रियेपासून संहितेतील वैद्यकीय संदेशापर्यंत सर्वांवर टीका झाली, सार्वजनिक तक्रार निवारण अधिकाऱ्याने चौकशी केली आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. दरम्यान बार्नी सायमन आणि जॉन कानी यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली मार्केट थिएटर लॅबोरेटरी वस्त्यांमधील तरुण नाट्यकर्मींना शिक्षण देत राहिली.