साबुदाण्याची खिचडी आणि ‘न बदलणारी’ संस्कृती: एक खुलासा

संस्कृती म्हणजे पूर्वजांनी जसाच्या तसा सोपवलेला ठेवा, असा समज फार दिवसांपासून रूढ आहे आणि त्याच्या पुष्ट्यर्थ अनेकदा उपवासाच्या पदार्थांचा दाखला दिला जातो. वस्तुतः हाच दाखला त्या समजाच्या विरोधात जातो. खिचडीतला साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावा, तसेच बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातली असून १४९२ नंतरच्या सागरी व्यापारातून, मुख्यतः पोर्तुगीजांमार्फत, ती भारतात आली. साबुदाण्याचा उद्योग तर तमिळनाडूतील सेलम परिसरात १९४० च्या दशकात उभा राहिला. (भगर मात्र खरोखरच जुनी, पण तिचे कौतुक तेवढे होत नाही.)

मानववंशशास्त्रानुसार माणूस समाजाचा घटक म्हणून जे शिकतो ते सारे संस्कृतीत मोडते, आणि समाज म्हणजे ते शिकवणारा, पाळणारा व प्रसंगी बदलणारा, परस्परसंबंधांनी बांधलेला लोकसमूह. गहू आणि तांदूळ उपवासाला वर्ज्य असल्यामुळे परदेशी कंद त्या नियमात सहज सामावले. मिरची चालते, हळद मात्र बहुतेक घरांत चालत नाही, याचे उत्तर पिकाच्या वयात नव्हे, तर घरोघरच्या शिकवणुकीत आहे; म्हणूनच ही यादी घरागणिक बदलते.